दोन राज्यांच्या सुट्ट्या आणि थीम पार्कमधला एक दिवस

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आमच्याकडे सहलींविषयीची पत्रे वाढतात. त्यांपैकी थीम पार्कविषयीची चार पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: निपाणीत आमचे किराणा मालाचे दुकान असून ते दोन दिवसांपेक्षा अधिक बंद ठेवणे परवडत नाही. घरी आम्ही पती-पत्नी, 13 वर्षांचा मुलगा, 6 वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेली 68 वर्षांची आई असे पाच जण आहोत. कोल्हापूरला दिलेली बहीण आणि तिची दोन मुलेही बरोबर यावीत, अशी आईची इच्छा आहे. गेल्या वर्षी मे महिन्यातील एका रविवारी आम्ही एका मोठ्या पार्कमध्ये गेलो. दिवसभरात चारच राइड झाल्या आणि मुलगी रांगेतच रडून झोपली. यंदा खोपोलीच्या इमॅजिकाला जावे की बेंगळूरजवळच्या वंडरलाला?

उत्तर: आपण कोठे जावे हे विचारले आहे, पण आपली गेल्या वर्षीची सहल बिघडली ती तारखेमुळे. म्हणून आधी तारखेचे बोलू.

आपण कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेवर राहतो, याचा त्रास आपल्याला एरवी पुष्कळ होतो, पण या एका बाबतीत फायदाही होऊ शकतो. कर्नाटकातील शाळांचे वर्ष साधारण 10 एप्रिलला संपते आणि मे महिन्याच्या अखेरीस शाळा पुन्हा भरतात. महाराष्ट्रात मात्र वार्षिक परीक्षा एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत चालतात आणि शाळा 15 जूनच्या सुमारास उघडतात. याचा अर्थ असा की 11 एप्रिलनंतरचे साधारण दोन आठवडे आपली मुले घरी मोकळी असतात आणि पुण्या-मुंबईची बहुसंख्य मुले अजून वर्गात किंवा परीक्षेला बसलेली असतात. इमॅजिकाला येणारी गर्दी मुख्यतः पुणे, मुंबई, ठाणे आणि नाशिक या भागांतून येत असल्यामुळे या दोन आठवड्यांतील मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार हा आपल्यासाठी उत्तम दिवस. त्यातून 14 एप्रिल वगळावा, कारण त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. गुड फ्रायडेसारखी सुट्टी मध्ये येत असेल तर तिच्या आगेमागेचे दिवसही सोडावेत, कारण रविवारला जोडून सुट्टी आली की नोकरदार माणूस मधल्या दिवसाची रजा टाकतो आणि तीन-चार दिवस सलग गर्दी होते.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हेच उलट्या बाजूने घडते. तेव्हा बेंगळूरच्या शाळा भरलेल्या असतात आणि कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लजची मुले अजून सुट्टीत असतात, त्यामुळे वंडरला त्या मुलांना मोकळे मिळते. दसऱ्यालाही असाच फरक पडतो. कर्नाटकातील शाळांची सहामाही सुट्टी दसऱ्याला धरून असते, तर महाराष्ट्रातील मोठी सुट्टी दिवाळीत येते. म्हणून दसऱ्याचा प्रत्यक्ष दिवस आणि शनिवार-रविवार सोडून उरलेल्या सुट्टीत खोपोलीला जाणे आपल्याला सोयीचे ठरते.

आता आपल्या बहिणीचा प्रश्न, आणि येथे मात्र मला आपल्याला थोडे नाराज करावे लागणार आहे. तिची मुले महाराष्ट्रातील शाळेत असतील तर एप्रिलच्या मध्याला त्यांची परीक्षा असेल. दोन्ही घरांच्या सुट्ट्या एकत्र येतात त्या एप्रिलच्या अगदी शेवटापासून मे अखेरपर्यंत, आणि नेमका तोच सर्वाधिक गर्दीचा काळ आहे. सगळ्यांनी एकत्रच जायचे ठरले तर मे महिन्यातील मधल्या वाराचा एखादा दिवस निवडावा आणि रांगा लागणार हे मनाशी धरून जावे. माझे मत विचाराल तर आपण एप्रिलमध्ये आपल्या मुलांना घेऊन जावे, आणि बहिणीच्या कुटुंबासह मे महिन्यात जवळच कोठे तरी एक दिवस काढावा. तसे एक-दोन पर्याय शेवटच्या उत्तरात दिले आहेत. आईंना मुलगी आणि नातवंडे एका ठिकाणी पाहायची आहेत, आणि ते रांगेत उभे राहून होण्यापेक्षा झाडाखाली सतरंजी अंथरून अधिक चांगले होईल.

ठिकाणाविषयी माझा कौल आपल्या बाबतीत इमॅजिकाला आहे आणि त्याचे मुख्य कारण अंतर हे आहे. निपाणीपासून खोपोली साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास येते, तर बेंगळूर त्याहून दोनशे किलोमीटर तरी अधिक पडते आणि वंडरला आहे तो बेंगळूरच्याही पुढे, म्हैसूर रस्त्यावर 28 किलोमीटरवर, बिडदीजवळ. दुसरे कारण आपल्या आई. इमॅजिकामध्ये छताखाली, वातानुकूलित दालनांत बसून पाहण्यासारखे खेळ बरेच आहेत, त्यामुळे उन्हाच्या वेळी त्यांना आत बसता येईल. तिकिटांतील एक फरकही लक्षात ठेवावा. वंडरलामध्ये जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या राइड एकाच तिकिटात येतात. इमॅजिकामध्ये 2013 मध्ये सुरू झालेले थीम पार्क वेगळे आणि त्याच्या शेजारी 2014 मध्ये उघडलेले वॉटर पार्क वेगळे. दोन्हींची तिकिटे स्वतंत्र असतात. आपल्याला एकच दिवस मिळणार असल्यामुळे दोन्ही करण्याचा मोह धरू नये. थीम पार्कच करावे.

दुकानाचा हिशेब असा बसवता येईल. बाजाराचा दिवस टाळून सोमवारी दुपारपर्यंत दुकान चालवावे आणि जेवून दोनच्या सुमारास निघावे. कागलपासून साताऱ्यापर्यंत महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे रेंगाळलेली आहेत, खंबाटकी घाटात आणि पुण्यात नवले पुलाजवळ गाड्या तुंबतात. या सगळ्याला वेळ देऊन रात्री दहा-साडेदहापर्यंत खोपोली किंवा लोणावळ्यात मुक्कामाला पोहोचता येते. मंगळवारचा पूर्ण दिवस पार्कमध्ये काढावा. रात्री पुन्हा तेथेच मुक्काम करावा आणि बुधवारी पहाटे निघून दुपारी निपाणीत येऊन संध्याकाळी दुकान उघडावे. सगळी बेरीज केली तर दुकान दोनच दिवसांइतके बंद राहते. पार्क बंद झाल्यावर त्याच रात्री गाडी हाकत परत येण्याचा विचार मात्र करू नये. दिवसभर उन्हात पायपीट केलेला माणूस रात्री दोन वाजता खंबाटकी उतरतो आहे, हे चित्र मला सहन होत नाही.

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातील एका गावात राहतो. मुलांना बेंगळूरच्या वंडरलाला न्यायचे ठरले आहे. सासूबाई नऊवारी नेसतात. त्यांना आत काय करता येईल? मुलीला कोणती राइड मिळेल आणि कोणती मिळणार नाही, हे आधी कसे कळेल? प्रवास रेल्वेने करावा का?

उत्तर: प्रवास रेल्वेनेच करावा. आपल्याला बेळगाव स्थानक जवळ आहे आणि रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी बेंगळूरला उतरता येते, शिवाय त्याच दिवशी रात्रीच्या गाडीने परत निघता येते. दोन रात्री गाडीत आणि मधला दिवस पार्कमध्ये, असे केल्यास हॉटेलचा खर्चही वाचतो. बेंगळूरचे मुख्य स्थानक आता आपल्याच जिल्ह्यातील संगोळ्ळीच्या रायण्णांच्या नावाने ओळखले जाते. तेथून जांभळ्या मार्गाची मेट्रो थेट म्हैसूर रस्त्यावरील चल्लघट्टापर्यंत जाते. तो शेवटचा टप्पा ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला. पुढचे अंतर रिक्षाने किंवा बसने जाता येते. शहरातील सकाळची वाहतूक टाळण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

मात्र हे सर्व आरक्षण मिळण्यावर अवलंबून आहे. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होते. एप्रिलच्या मध्याला जायचे असेल तर फेब्रुवारीच्या मध्यालाच सकाळी आठ वाजता तिकीट काढायला बसावे लागेल, आणि परतीचे तिकीटही तेव्हाच काढावे. जाण्याचे तिकीट मिळाले आणि येण्याचे प्रतीक्षा यादीत अडकले, तर अख्खा दिवस मोबाइल पाहण्यात जातो. तत्काळ कोट्यावर सहा जणांच्या कुटुंबाने भरवसा ठेवू नये.

मुलीविषयी सांगायचे तर दोन्ही मोठ्या पार्कमध्ये तिकिटासाठी वयापेक्षा उंची पाहतात. वंडरलामध्ये 85 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट लागत नाही. त्यापुढे प्रत्येक राइडची स्वतःची किमान उंची असते, ती पार्कच्या संकेतस्थळावर दिलेली असते आणि राइडच्या तोंडाशी उभ्या केलेल्या पट्टीवर प्रत्यक्ष मोजली जाते. निघण्यापूर्वी मुलीला दाराच्या चौकटीला पाठ लावून अनवाणी उभे करावे, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीने खूण करावी आणि ती सेंटिमीटरमध्ये मोजावी. मग संकेतस्थळावरील यादी तिच्यासमोर वाचावी आणि कोणत्या राइड तिच्या आहेत, कोणत्या दादाच्या आहेत, हे घरीच ठरवून टाकावे. पाऊण तास रांगेत उभे राहिल्यानंतर पट्टीपाशी येऊन दोन बोटांनी कमी भरलेले मूल ज्या आवाजात रडते, तो मी ऐकला आहे. कर्मचारी त्यात सूट देत नाहीत आणि देऊही नये, कारण राइडचा पट्टा किंवा दांडा ठरावीक उंचीच्या शरीरासाठी बसवलेला असतो.

सासूबाईंना पाण्याच्या तळ्यात उतरता येणार नाही. तेथे सुती कपडे चालत नाहीत. नायलॉन किंवा तत्सम कापडाचा पोहण्याचा पोशाख लागतो आणि हा नियम साडी, सलवार-कमीज, सुती बनियन, जीन्स या सगळ्यांना सारखाच लागू असतो. घरच्या सर्वांचे असे कपडे बेळगावातच घेऊन ठेवावेत, कारण पार्कमधील दुकानात ते महाग पडतात. सासूबाईंसाठी ज्येष्ठ नागरिकांचे कमी दराचे तिकीट मिळते, पण राइडमध्ये बसणार नसल्या तरी प्रवेशाचे तिकीट काढावेच लागते. त्यांच्यासाठी एक सावलीची जागा सकाळीच ठरवावी, ती शक्यतो खाण्याच्या ठिकाणाजवळची असावी, आणि दर दोन तासांनी सर्वांनी तेथे यायचे असे ठरवून ठेवावे. मोबाइल लॉकरमध्ये आणि माणसे पाण्यात असताना चुकामूक सोडवायला ठरलेली जागाच उपयोगी पडते. रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास वेगवान राइड टाळण्याच्या सूचना सर्वत्र लावलेल्या असतात, आणि या सूचना आपल्याकडे तरुण माणसेच अधिक दुर्लक्षितात.

बाहेरचे खाणे आत नेता येत नाही. लहान बाळाचे खाणे तेवढे चालते. त्यामुळे दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग जे काही बांधून घ्याल ते गाडीतच किंवा फाटकाबाहेर संपवून आत शिरावे. सकाळी पोटभर खाल्ले असेल तर आतले जेवण दुपारी तीनपर्यंत पुढे ढकलता येते, आणि एक ते दोन या वेळेत जेव्हा सारे लोक ताटे घेऊन उभे असतात, तेव्हा राइडच्या रांगा आखडलेल्या असतात.

प्रश्न: मी अथणीहून लिहीत आहे. रांग टाळण्यासाठी वंडरलामध्ये फास्टट्रॅक आणि इमॅजिकामध्ये एक्स्प्रेस नावाचे महाग तिकीट मिळते, ते घ्यावे का? आम्हाला मे महिन्याशिवाय दुसरा काळ मिळणार नाही.

उत्तर: मे महिन्यातच जायचे असेल तर या तिकिटाचा विचार करण्यासारखा आहे, पण त्याआधी रांगेचा हिशेब समजून घ्यावा. समजा, एखाद्या राइडमध्ये एका फेरीत 20 माणसे बसतात आणि चढणे-उतरणे धरून एक फेरी तीन मिनिटांची होते. म्हणजे तासाला 20 फेऱ्या आणि 400 माणसे. आपल्यापुढे 300 माणसे असतील तर 45 मिनिटे लागतील. रांगेत शिरण्यापूर्वी एका फेरीत किती जण बसतात आणि फेरीला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून एकदा पाहावे आणि रांगेतील माणसांचा अंदाज घ्यावा. हिशेब बहुधा बरोबर येतो. आता सकाळी 11 ते संध्याकाळी 6 हे सात तास धरले आणि त्यातून जेवण, कपडे बदलणे, लॉकर, पाणी, मुलांचे शौचालय यासाठी दीड तास वजा केला, तर साडेपाच तास उरतात. प्रत्येक राइडला चालणे धरून 55 मिनिटे गेली तर दिवसाला सहा राइड होतात. रांग 15 मिनिटांची असेल तर त्याच वेळात बारा-तेरा होतात.

महाग तिकीट हा फरक विकत देते, पण ते सर्वच राइडना लागू नसते आणि लहान मुलांच्या राइडना फारसे लागतही नाही. म्हणून घरातील मोठी मुले आणि त्यांच्याबरोबर जाणारा एक पालक यांच्यापुरतेच ते घ्यावे, उरलेल्यांसाठी साधे तिकीट पुरते. मधल्या वारी जाणार असाल तर मी ते घेणार नाही. रविवारीच जाणे भाग असेल आणि मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल, तर हात थोडा सैल सोडावा.

पैसे न मोजता मिळणारा मोठा फायदा मात्र पहिल्या तासाचा आहे. ही गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात भाच्यांना घेऊन एका पार्कमध्ये गेलो होतो. रस्त्यात मिसळ खाण्यासाठी थांबलो, तेथे तास गेला, आणि साडेबाराला आत शिरलो तेव्हा पत्र्याच्या छपराखाली लोखंडी कठड्यांची नागमोडी रांग बाहेर ऊन असलेल्या फरशीपर्यंत आली होती. तासभर उभे राहून कठड्याच्या शेवटच्या वळणाला आलो आणि तांत्रिक कारणाने राइड बंद झाल्याचे सांगण्यात आले. आमच्यापुढे एक गृहस्थ पेंगणाऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते. ते काही न बोलता तसेच वळले आणि दुसऱ्या रांगेला जाऊन लागले. त्या दिवशी आमच्या तीन राइड झाल्या.

तेव्हापासून मी फाटक उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचतो आणि तिकीट आधीच मोबाइलवर काढलेले असते. आत शिरल्यावर बहुतेक माणसे समोर दिसेल त्या पहिल्या राइडपाशी थांबतात किंवा फोटो काढत बसतात. आपण सरळ लांबच्या टोकाला, सर्वांत मोठ्या रोलर कोस्टरकडे चालत जावे आणि पहिल्या तासात दोन-तीन मोठ्या राइड उरकून घ्याव्यात. भर दुपारी पाण्यात उतरावे किंवा छताखालच्या खेळांत बसावे. शेवटच्या तासात लोक दमून फाटकाकडे वळतात, तेव्हा सकाळी आवडलेली राइड पुन्हा करावी.

डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांसाठी एक सूचना करतो. त्या दिवसांत मधल्या वारीही शाळांच्या सहलींच्या बसगाड्या लागलेल्या असतात, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवसाचा नियम तेव्हा तितकासा चालत नाही.

प्रश्न: बेळगाव शहरात राहतो. तीन भावंडांची सहा मुले आहेत, खर्च बेताचा ठेवायचा आहे आणि सकाळी जाऊन रात्री परत यायचे आहे. जवळ काही आहे का?

उत्तर: मोठ्या राइडचे पार्क या अंतरात नाही, पण दिवस चांगला जाईल अशा दोन जागा पुणे-बेंगळूर महामार्गालगतच आहेत. कोल्हापूरच्या बाजूला कणेरी मठाचे सिद्धगिरी संग्रहालय आहे. तेथे जुन्या खेड्यातील बलुतेदार, शेतकरी, गुरे, बाजार असे सगळे माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांतून उभे केले आहे, आणि नांगर धरलेला शेतकरी खरा की पुतळा, यावरून मुलांत पैजा लागतात. हुबळीच्या बाजूला, हावेरी जिल्ह्यातील शिग्गाव तालुक्यात गोटगोडी येथे चित्रकार टी. बी. सोलबक्कनवर यांच्या कल्पनेतून झालेले उत्सव रॉक गार्डन आहे. तेथे उत्तर कर्नाटकातील ग्रामजीवनाची शिल्पे आहेत. दोन्हीकडे चालणे पुष्कळ असते आणि ऊन लागते, म्हणून टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवाव्यात आणि सकाळी नऊपर्यंत पोहोचावे. निपाणीच्या वाचकांनी बहिणीच्या मुलांसह कणेरीला जावे, असे मला वाटते, कारण ते दोन्ही घरांच्या मधल्या वाटेवर पडते आणि आईंना तासाभराच्या प्रवासात तेथे नेता येईल. राइडची हौस जत्रेतल्या आकाशपाळण्यावर भागवता येते. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला जाणाऱ्या मुलांना हे सांगावे लागत नाही.